खाडीच्या गाळातली हरवलेली कवचं: एका कोअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागातलं आहे. महाविद्यालय, माणसं आणि गाळ काढल्याची नेमकी जागा ओळखू येणार नाही अशी काळजी घेतली आहे. मी दुसरीकडे सूक्ष्मजीवाश्म शिकवतो. प्रबंधाचे निष्कर्ष वाचून मत द्यावं म्हणून मला बोलावलं गेलं आणि पुढचं बरंच काही जवळून पाहता आलं.

विषय होता फोरॅमिनिफेरा, थोडक्यात ‘फोरॅम’. एका पेशीचे हे जीव समुद्रात, खाडीत, खाऱ्या चिखलात राहतात आणि अंगाभोवती कवच बांधतात. बहुतेकांचं कवच कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याचं. काही जाती मात्र आसपासचे वाळूचे कण गोळा करून, ते चिकटवून घर करतात. आकार इतका लहान की बहुतेक कवचं अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. जीव मेला तरी कवच गाळात राहतं आणि त्यावर पुढचा गाळ बसत जातो.

एवढ्याशा कवचांवर समुद्राच्या इतिहासाचा केवढा मोठा भाग उभा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी भरून येतं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचा गाळ वर काढला, तेव्हा खोल समुद्राचे प्रचंड पट्टे याच कवचांनी भरलेले आहेत हे दिसलं. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हिमयुगांमधल्या समुद्राच्या तापमानाचा आलेख मांडला. आपल्या अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही तरंगती जात फोफावते; गाळात तिचं प्रमाण किती यावरून जुन्या मोसमी वाऱ्यांचा जोर ताडता येतो. २०१५ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने याच समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात तळ खोदला, आणि ती मोहीम मुंबई बंदरात येऊन संपली. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागलं. तिथल्या चुनखडीच्या थरांची वयं लावायलाही फोरॅम लागतात.

आमच्या प्रकरणातल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र घराजवळचा होता. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. दक्षिणेला ती मुंबई बंदराला मिळते, उत्तरेला अरुंद होत उल्हास नदीशी जोडली जाते. पूर्व काठावर १९६० च्या दशकापासून कारखान्यांचा पट्टा वाढला, पश्चिमेकडून शहराचं सांडपाणी येत राहिलं, मधे पूल झाले. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. या सगळ्या काळात खाडीच्या तळाशी राहणाऱ्या फोरॅमचं काय झालं, हे गाळालाच विचारायचं, असा तिचा बेत.

वनखात्याची परवानगी मिळाली. पावसाळा संपल्यावर एका कोळी नाखवाच्या होडीतून ती, मार्गदर्शक मॅडम आणि प्रयोगशाळेतले मामा असे तिघे गेले. “बाय, उधाणाच्या सुकतीलाच चला, भांगाला चिखल पुरता उघडा पडत नाय,” असं नाखवाने आधीच बजावलं होतं (सुकती म्हणजे ओहोटी, भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस) आणि तारीख त्यानेच ठरवली. उघड्या चिखलात पीव्हीसीचा पाइप दाबून सुमारे अर्ध्या मीटरचा कोअर, म्हणजे थर जसेच्या तसे असलेला गाळाचा उभा दंडगोल, काढला. प्रयोगशाळेत तो खालून दट्ट्याने ढकलत एकेक सेंटिमीटरचे काप पाडले, पिशव्यांत भरले आणि फ्रिजमध्ये ठेवले. त्याच जागेवरून पृष्ठभागाचे तीन वेगळे नमुने घेऊन ते लगेच रोझ बेंगाल हा रंग घातलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवले. १९५२ पासून ही पद्धत चालत आली आहे: गाळ काढताना जो जीव जिवंत असेल त्याच्या आतला पेशीरस गुलाबी रंगतो, रिकामं कवच पांढरं राहतं.

अडचण

पुढचं काम सगळ्यांना माहीत असलेलं, डोळे शिणवणारं. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, उरलेलं वाळवायचं, ट्रेमध्ये पसरायचं आणि मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलून स्लाइडवर लावायचं. प्रत्येक कापातून ३०० कवचं मिळावीत असा रिवाज आहे.

कोअरच्या खालच्या भागात ती सहज मिळाली. ‘अमोनिया’ (वायू नव्हे, चुन्याच्या कवचाचा एक फोरॅम) भरपूर, सोबत ‘एल्फिडियम’, ‘नोनिऑन’, आणि वाळूच्या कणांचं घर करणाऱ्या ‘अमोबॅक्युलाइट्स’, ‘ट्रोकॅमिना’. वरच्या भागात चित्र एकदम पालटलं. चुन्याची कवचं संपलीच. काप उलटत जावे आणि पानच कोरं निघावं तसं. उरली ती फक्त वाळूच्या घरांची मंडळी.

लेड-२१० या किरणोत्सारी शिशावरून गाळाच्या वयाचा जो अंदाज काढला, त्यात हा बदल साधारण कारखानदारी वाढली त्या काळात पडत होता. निष्कर्ष समोर तयार उभा होता: कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने खाडीतले चुनेदार फोरॅम मारले. त्यावर एका परिषदेसाठी सारांश पाठवला गेला. काठावरच्या भरावाविरुद्ध लढणाऱ्या एका गटाच्या कानावर ही बातमी गेली आणि त्यांनी आलेख मागितला. त्यांना सुनावणीत मांडायचा होता.

मला आलेख दाखवताना मॅडम म्हणाल्या, “सर, खाडीचा तळ मेला आहे हे गाळच सांगतोय. आम्ही काही वेगळं बोलत नाही.”

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. खाडीची अवस्था खरंच वाईट आहे आणि फोरॅम प्रदूषणाला प्रतिसाद देतात हे जगभर दिसलं आहे: जाती कमी होतात, कवचं वेडीवाकडी वाढतात. पण आलेखात दोन गोष्टी मला खटकल्या.

पहिली, गायब कोण झालं. ‘अमोनिया’ ही खारं-गोडं पाणी, प्राणवायूची टंचाई, सांडपाणी हे सारं सोसणारी प्रजाती. प्रदूषण वाढलं तर आधी नाजूक जाती जातात आणि ‘अमोनिया’ची टक्केवारी उलट वाढत जाते. इथे सोशिक आणि नाजूक एकाच कापात संपल्या होत्या. निवड झाली होती ती कवच कशाचं आहे यावरून. जीवाची सहनशक्ती असं काम करत नाही, आम्ल करतं.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाच्या नमुन्यांतली होती. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या त्या तीन नमुन्यांत गुलाबी ‘अमोनिया’ होत्या, आणि बऱ्याच होत्या. म्हणजे कोअर काढला त्या दिवशी त्याच चिखलात त्या जगत होत्या. मग कोअरच्या सगळ्यात वरच्या कापात त्यांचं एकही कवच का नाही?

वही उघडल्यावर

या प्रश्नावर खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मी विद्यार्थिनीला विचारलं, “वरचे काप कधी धुतलेस?”

तिने प्रयोगशाळेची वही काढली. इथे तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण वही उत्तम ठेवलेली होती. प्रत्येक कापापुढे धुण्याची तारीख, किती ग्रॅम गाळ, काय घातलं, कोणी धुतलं. ती वही नसती तर पुढचं काहीच उलगडलं नसतं.

कोअर दट्ट्याने ढकलताना वरचे काप आधी निघतात, तळाचे शेवटी. पिशव्या त्याच क्रमाने डब्यात रचल्या गेल्या, त्यामुळे तळाचे काप डब्यात सगळ्यात वर आले आणि धुताना हाताला आधी तेच लागले. हिवाळ्यात खालचा भाग धुऊन झाला. मग परीक्षा आल्या, मग उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टीत इमारतीत वायरिंगचं काम निघालं आणि फ्रिज कित्येक आठवडे बंद राहिला. वरचे काप थेट पावसाळ्यात धुतले गेले. त्या चिखलात सेंद्रिय भाग जास्त, तो चाळणीवर चिकटून बसत होता, म्हणून ते काप रात्रभर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवले होते.

कवचं संपण्याची रेषा आणि सुट्टीआधीच्या-नंतरच्या धुण्याची रेषा एकाच जागी होती.

यामागचं रसायन थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण मुंबईच्या आसपास खाडीचा गाळ हाताळणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे. खाडीच्या चिखलात पृष्ठभागाच्या जरा खाली प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ओहोटीला येणारा तो वास हाच. सल्फाइड लोहाशी मिळून काळा आयर्न सल्फाइड आणि पुढे पायराइट बनतं. हवा लागत नाही तोवर सगळं शांत असतं. पिशवीत हवा राहिली, गाळ उबदार आणि दमट राहिला, की तेच सल्फाइड ऑक्सिडाइज होऊन सल्फ्युरिक आम्ल देतं. आम्ल चुना खातं. सुटलेलं कॅल्शियम सल्फेटशी मिळून वाळताना जिप्समचे स्फटिक बनतात. पेरॉक्साइड हीच क्रिया काही तासांत उरकतं, कारण ते स्वतः जोरदार ऑक्सिडीकारक आहे. पायराइट नसलेल्या गाळात ते फारसं बिघडवत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकातल्या कृतीत ते बिनधास्त दिलेलं असतं. खाडीच्या काळ्या चिखलात ते घालणं म्हणजे आम्ल ओतण्यासारखंच.

मग तिने वरच्या कापांचे जपून ठेवलेले अवशेष पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतले. पारदर्शक सुयांसारखे स्फटिक होते. पहिल्या फेरीत ते मीठ समजून बाजूला सारले होते. आणि त्यांच्यामध्ये तपकिरी, पातळ, चक्राकार पापुद्रे होते, कप्प्याकप्प्यांचे. चुनेदार फोरॅमच्या कवचाला आतून सेंद्रिय अस्तर असतं. कवच आम्लात विरघळलं तरी ते अस्तर टिकतं. ‘अमोनिया’ तिथे होती हे आता नक्की झालं. गेलं होतं ते फक्त तिचं कवच.

तरीही प्रश्न सुटला नव्हता

इथे घाईने दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होता: सगळा दोष फ्रिजचा, खाडी ठणठणीत. तेही सिद्ध झालेलं नव्हतं. शक्यता तीन होत्या. जीव तिथे जगलेच नाहीत. जगले, पण कवचं गाळातच विरघळली. जगले, कवचंही गाळात टिकली, पण पिशवीत किंवा भांड्यात विरघळली. अस्तरांनी पहिली शक्यता बरीचशी निकालात काढली. दुसरी आणि तिसरी वेगळी करायला अस्तरं पुरत नाहीत, कारण दोन्ही वेळा तीच उरतात.

दुसरी शक्यता खाडीत अगदी स्वाभाविक आहे. तिवरांच्या मुळांजवळ गाळातलं पाणी आम्लधर्मी होतं, तिथे चुनेदार कवचं फार टिकत नाहीत आणि वाळूच्या घरांच्या जातीच जास्त सापडतात. ठाणे खाडीत उघड्या चिखलावर तिवरं पुढे सरकत आली आहेत. कोअरची जागा उघड्या चिखलातली असली तरी तिवरांची कड फार लांब नव्हती.

खोल समुद्रातही हाच पेच आहे, आणि तिथून शिकण्यासारखं खूप आहे. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात अफाट कार्बन मिसळला, समुद्र तापला आणि आम्लधर्मी झाला. २००३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्विस कटकावर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवर, काढलेल्या कोअरमध्ये त्या काळाचा थर लगेच डोळ्यांत भरतो: फिकट चुनेदार गाळ एकदम संपतो आणि लालसर चिकणमाती लागते. ती चुन्याची अनुपस्थिती खरी आहे, पाणी आम्ल झाल्याची साक्ष आहे. तरीही संशोधक त्या सीमेवरून थेट ‘इथे जीव मेले’ असं म्हणत नाहीत, कारण आम्ल झालेल्या पाण्याने आधी साचलेला चुनाही वरून खाली खाल्लेला असतो. तळावरच्या फोरॅमच्या ३० ते ५० टक्के जाती तेव्हा कायमच्या संपल्या हे अनेक ठिकाणचे कोअर एकमेकांशी ताडून ठरलं. एका कोअरमधल्या कोऱ्या जागेवरून ठरलेलं नाही.

आजच्या समुद्राबाबतही कवच किती खाल्लं गेलं याला मोल आहे. दक्षिण महासागरातल्या ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ची आजची कवचं गेल्या काही हजार वर्षांतल्या कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्के हलकी असल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याचा संबंध समुद्राच्या वाढत्या आम्लतेशी जोडला गेला. अशी मापं घेताना नमुना पिशवीत झिजलेला नाही याची खात्री नसेल, तर मोजलेल्या फरकाला काही अर्थच राहत नाही.

कोणते पर्याय होते

मॅडम, विद्यार्थिनी आणि मी पुन्हा बसलो.

एक पर्याय होता, निष्कर्ष तसाच ठेवायचा आणि ‘काही प्रमाणात विरघळण्याची शक्यता’ असं एक वाक्य जोडायचं. असे प्रबंध होतात आणि मंजूरही होतात. मी त्याला स्पष्ट नकार दिला. ज्या निरीक्षणावर सगळा निष्कर्ष उभा आहे तेच संशयास्पद असेल तर तळटीप त्याला वाचवत नाही.

वरचा भाग गाळून फक्त खालच्या भागावर प्रबंध लिहायचा, हा दुसरा. प्रामाणिक होता, सोपाही. पण प्रश्नच कारखानदारीनंतरच्या काळाचा होता. तो भाग काढल्यावर उरतं काय?

तिसरा विद्यार्थिनीने सुचवला: अस्तरं मोजून मूळ कवचांची संख्या काढायची. कल्पना चांगली होती. अडचण अशी की सगळ्या जातींची अस्तरं सारखी टिकत नाहीत, आणि अस्तरावरून ‘अमोनिया’ची शक्यता बोलता आली तरी जाती वेगळ्या करणं कठीण.

उरला चौथा: नवा कोअर. म्हणजे पुन्हा परवानगी, फ्लेमिंगोंचा हंगाम सांभाळून तारखा, पुन्हा पिकिंगचे, म्हणजे कवचं वेचण्याचे, महिने. आणि तिच्या फेलोशिपची मुदत संपत आलेली.

“मॅडम, मुदतवाढ मागितली तर फेलोशिप जाते,” ती म्हणाली. “घरी काय सांगू?”

हा प्रश्न विज्ञानाचा नव्हता, पण निर्णय त्यावरच अडला होता. अशा वेळी विद्यार्थ्याला ‘सत्यासाठी थांब’ असं सांगून मोकळं होणं मला योग्य वाटत नाही. थांबण्याची किंमत तोच मोजत असतो. मॅडमनी ही बाजू उचलली. विभागात तासिका तत्त्वावर तिला प्रात्यक्षिकं मिळवून दिली, मुदतवाढीच्या अर्जासोबत कारणांचं सविस्तर पत्र स्वतः लिहिलं. परिषदेचा सारांश त्याच आठवड्यात मागे घेतला. पर्यावरण गटाला फोनही त्यांनीच केला. तिकडून नाराजी आली, आणि ती समजण्यासारखी होती. मॅडम त्यांना एवढंच म्हणाल्या, “हा आलेख तुम्ही मांडलात आणि समोरच्याने आमची वही मागितली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या पुराव्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.”

काय केलं

परवानगी येईपर्यंतचा वेळ एका साध्या प्रयोगात गेला. अभयारण्याच्या हद्दीबाहेरून तशाच काळ्या चिखलाची बादली आणली, नीट कालवून चार वाटे केले. एक लगेच धुतला. दुसरा हवा काढून, पिशवी घट्ट बंद करून चालू फ्रिजमध्ये ठेवला. तिसरा अर्धवट उघड्या पिशवीत टेबलावर, पावसाळाभर. चौथा रात्रभर पेरॉक्साइडमध्ये.

लगेच धुतलेल्या आणि बंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवलेल्या वाट्यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नव्हता. टेबलावरच्या वाट्यातला चिखल काळ्याचा तांबूस झाला. उरलेली कवचं खरबरीत, भोकं पडलेली, काही ब्रश लागताच फुटणारी, आणि जिप्सम भरपूर. पेरॉक्साइडच्या वाट्यात चुन्याचं कवच जवळपास उरलंच नाही. अस्तरं आणि वाळूची घरं तेवढी शिल्लक. जुन्या कोअरच्या वरच्या भागाचं हे हुबेहूब चित्र होतं.

मग नवा कोअर. नाखवा तोच, सुकती उधाणाचीच. या वेळी गाळ काढल्याबरोबर होडीतच कापांचा पीएच मोजला. पिशव्यांतली हवा दाबून काढली. धुण्याचा क्रम मामांनी चिठ्ठ्या टाकून ठरवला, म्हणजे खोली आणि धुण्याची तारीख यांची सांगड बसूच नये. धुण्याच्या पाण्यात चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालून ते किंचित अल्कधर्मी ठेवलं. नुसतं डिस्टिल्ड पाणीही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जरा आम्लधर्मी असतं, हे बरेच जण विसरतात. पेरॉक्साइडला हात लावला नाही. चिकट गाळ तासन्‌तास हलक्या हाताने धुतला. प्रत्येक कापाचा अर्धा भाग न धुता डीप फ्रीजरमध्ये राखून ठेवला. कोणता काप कुठल्या खोलीचा हे पिकिंग करताना तिला कळू नये, म्हणून स्लाइडवर फक्त चिठ्ठीचा क्रमांक होता.

काय निघालं

नव्या कोअरमध्ये चुनेदार फोरॅम अगदी वरपर्यंत होते. ‘खाडीचा तळ मेला’ हा निष्कर्ष गेला.

पण वरचा आणि खालचा भाग सारखाही नव्हता. वरच्या कापांत ‘अमोनिया’चा वाटा वाढलेला, ‘एल्फिडियम’ आणि ‘नोनिऑन’ विरळ, वेड्यावाकड्या कप्प्यांची कवचंही खालच्यापेक्षा वर जास्त. सोशिक जात उरते आणि बाकीच्या मागे पडतात, हे तेच चित्र, जे पहिल्या आलेखात दिसायला हवं होतं आणि दिसत नव्हतं. माझ्या मते खाडीवरच्या ताणाचा हा पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे, कारण तो जीवांच्या सहनशक्तीच्या क्रमाने उलगडतो.

ग्रॅममागे कवचांची संख्या वर घटलेली होती. त्यावरून तिने काही ठासून म्हटलं नाही, आणि ते मला पटलं. गाळ वेगाने साचू लागला तर तेवढीच कवचं जास्त गाळात विखुरतात आणि ग्रॅममागची संख्या आपोआप कमी होते. पूल, भराव, सरकणारी तिवरं यांनी खाडीत गाळ बसण्याची गती बदलली आहे.

कोअरच्या मधल्या एका पट्ट्यात कवचं नव्या कोअरमध्येही थोडी खाल्लेली दिसली, आणि त्या कापांचा होडीत मोजलेला पीएचही उतरलेला होता. म्हणजे गाळात विरघळण्याची दुसरी शक्यता खोटी नव्हती; ती थोड्या जागेपुरती खरी होती.

प्रबंधाचं शीर्षक बदललं. पिशवीतल्या आम्लाचा चार वाट्यांचा प्रयोग त्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून आला, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले गेले. पर्यावरण गटाला नवा आलेख दिला, सोबत तो काय सांगतो आणि काय सांगत नाही याचं एक पान.

वेगळं काय करता आलं असतं

पृष्ठभागाचे रंगवलेले नमुने आणि कोअरचा वरचा काप पहिल्याच महिन्यात शेजारी ठेवून पाहिले असते, तर विसंगती तेव्हाच दिसली असती. ते दोन्ही वेगवेगळ्या कामांसाठी घेतल्यामुळे वेगवेगळ्या कपाटांत गेले. जिवंत आणि मृत समूहांची तुलना पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात असावी, शेवटच्या नाही.

धुण्याचा क्रम सुरुवातीपासून चिठ्ठीने ठरवायला हवा होता. काहीच खर्च नसलेला हा उपाय. क्रम मिसळलेला असता तर बिघडलेले काप कोअरभर विखुरले असते आणि आलेखात गोंधळ दिसला असता. गोंधळ दिसला की माणूस थांबून शोध घेतो. नीटस रेषा दिसली की तिच्यावर विश्वास टाकतो.

फ्रिजचा प्रश्न केवळ त्या विभागाचा नाही. खोल समुद्रातल्या मोहिमांचे कोअर मोठ्या भांडारांत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळले जातात. हिंदी महासागरातले कोअर जपानमधल्या कोची इथल्या भांडारात असेच आहेत. आपल्याकडे महाविद्यालयातला एक घरगुती फ्रिज, आणि त्यात गाळाशेजारी रसायनांच्या बाटल्या. तो बंद राहणार हे आधी कळलं असतं तर सगळे काप आठवड्याभरात धुऊन, वाळवून ठेवता आले असते. वाळलेल्या कवचांना फ्रिज लागत नाही. वायरिंगचं पत्र कार्यालयात आलं होतं, प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलं नाही.

माझ्या मनात अजून वाद आहे तो सारांशाबद्दल. एकाच कोअरवरून परिषदेला सारांश पाठवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. तरुण संशोधकाला लवकर मांडण्याची संधी हवी असते. पण त्यात ‘गायब झाले’ ऐवजी ‘सापडले नाहीत’ असं लिहिलं असतं, तर मागे घेण्याऐवजी तोच सारांश दुरुस्त करून भागलं असतं.

मधल्या पट्ट्याचं काम चालू आहे. राखून ठेवलेले गोठवलेले अर्धे काप आता विभागातला पुढचा विद्यार्थी घेणार आहे. त्याला पायराइटचं प्रमाण, अस्तरं आणि कवचांची झीज एकाच कापात मोजायची आहे, आणि जमलं तर तिवरांच्या आत दुसरा कोअर काढून दोन्हींची तुलना करायची आहे. परवानगीचा अर्ज गेला आहे. डीप फ्रीजरच्या दारावर मामांनी एक तक्ता लावला आहे. त्यावर रोज सकाळी तापमान लिहिलं जातं.